खळ्यापर्यंत पोहोचणारे यंत्र

मालवणात येणारा माणूस बहुधा समुद्राकडे तोंड करून येतो. धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागेजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा, रात्री सुरमईचे ताट आणि सोलकढी. या वेळी मी हिंडलो तो समुद्राकडे पाठ करून, घरांकडे बघत. आजारी, वृद्ध, अपंग माणसांना स्वतःच्या घरात शक्य तेवढे स्वतःच्या बळावर राहता यावे म्हणून जगभर यंत्रे घडवली जात आहेत. जेवण भरवणारे यांत्रिक हात, लुळ्या पायांना चालायला शिकवणारे सांगाडे, दूरच्या डॉक्टरला हृदयाचा आलेख पाठवणारी उपकरणे. अभियंते, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि सरकारी खाती एकत्र बसून हे संशोधन करतात. त्यातले काय या किनाऱ्यापर्यंत आले आहे आणि इथले काय त्या प्रयोगशाळांपर्यंत जायला हवे, हे मला पाहायचे होते. त्यासाठी रस्ता धरला तो मालवण, ओरोस, सावंतवाडी आणि तिथून सीमा ओलांडून गोव्याच्या फोंडा तालुक्यातले बेथोडा असा.

सिंधुदुर्गात २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ माणसे होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची घटली, कारण इथली शिकलेली पोरे मुंबई-पुण्याला, गोव्याला, आखातात जातात. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हा इथला आकडा ऐकून कुणालाही बरे वाटेल, पण त्याचे एक मोठे कारण कमावते पुरुष गावात नसणे हे आहे. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात आंब्या-फणसाला येतात. मधल्या महिन्यांत घराला जाग असते ती एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याची. दोघांतले एक आजारी पडले की दुसऱ्यालाच त्याची परिचारिका, आचारी आणि हमाल व्हावे लागते.

आणि घरेही कशी, तर उंच जोत्यावरची, जांभ्या दगडाची. पडवीतून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरायला पायऱ्या, त्याही उंच आणि अरुंद. जूनपासून त्यांच्यावर शेवाळ धरते. प्रत्येक दाराला उंबरा. न्हाणीघर आणि संडास बऱ्याच ठिकाणी मागच्या अंगाला, पावसात भिजत जावे लागेल असा. रस्त्यापासून घरापर्यंत येणारी वाट म्हणजे कुठे दगडी घाटी, कुठे व्हाळावरचा साकव. देवबागेत तर एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांतून जाणारी वाळूची पायवाट. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर सहज फिरणारी चाकांची खुर्ची इथे पहिल्याच वळणावर रुतेल. कोकणातल्या अपंगत्वाचा विचार माणसाच्या शरीरापासून सुरू करून भागत नाही. त्याच्या पायरीची उंची आधी मोजावी लागते.

देवबागेच्या बाजूला एका घरी मी बराच वेळ बसलो. घरातले आजोबा उमेदीच्या वयात रापणीवर असायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेले लांबच लांब जाळे, आणि दोन्ही टोकांना दोर ओढणारी गावची माणसे. त्या ओढणाऱ्या हातांपैकी त्यांचा उजवा हात आता मांडीवर नुसता ठेवलेला होता, बोटे आत मिटलेली. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली. रुग्णालयात असताना व्यायाम झाले, थोडी हालचालही परत आली. घरी आल्यावर व्यायामासाठी रिक्षा करून तालुक्याला जायचे, तासभर थांबायचे आणि परत यायचे हे काही आठवडे चालले, मग भाड्याला पैसे पुरेनात. "झील मुंबयक, चेडू दिल्या घरी," आजी म्हणाल्या. त्या रोज तेल लावून ती मिटलेली बोटे एकेक करून उघडतात. कुणी शिकवले म्हणून विचारले तर म्हणाल्या, "कोण शिकवतलो? बघून बघून."

मी आजोबांना फोनवर एक चित्रफीत दाखवली. कंबरेपासून पावलांपर्यंत धातूचा सांगाडा बांधलेला एक माणूस मोटारींच्या जोरावर पाऊल टाकत होता. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात सांकाई या प्राध्यापकांनी 'हॅल' नावाचा असा सांगाडा घडवला. त्वचेवर उमटणारे स्नायूंचे क्षीण विद्युत्संकेत वाचून तो हालतो. आजोबांनी ते सगळे एकाग्रपणे पाहिले. मग म्हणाले, "ह्या बरा आसा. पण माका माझ्या पायांनी खळ्यापर्यंत जावक मिळाला तरी पुरे."

त्यांच्या पडवीतून खळे म्हणजे तीन पायऱ्या आणि आठ-दहा पावले. पुढच्या प्रवासात जे जे यंत्र पाहिले, ऐकले, त्याला मी हेच अंतर लावून बघितले.

त्या घरातून बाहेर पडताना वर पाहिले तर पाडेली माडावर चढत होता. नारळ काढणारी ही माणसे दिवसाला कितीतरी माड चढतात आणि पावसाने निसरड्या झालेल्या खोडावरून पडणाऱ्याचा कणा मोडला की तो जन्मभर खाटेवर येतो. केरळच्या अमृता विश्वविद्यापीठात राजेश कन्नन मेगलिंगम यांच्या चमूने 'अमरन' नावाचा यंत्रमानव बनवला आहे. खोडाभोवती कड्यासारखा बसतो, चाकांवर वर चढतो आणि खालचा माणूस नियंत्रक हातात धरून त्याच्याकडून नारळ तोडवतो. अपंगांना मदत करणाऱ्या यंत्रांच्या यादीत कुणी त्याचे नाव घेणार नाही. मी घेतो, कारण माणूस अपंग होण्याआधीच त्याच्या मदतीला येणारे यंत्र जास्त मोलाचे.

हीच गोष्ट रक्तदाबाची. अर्धांगाच्या झटक्यामागे सर्वांत मोठा हात न आवरलेल्या रक्तदाबाचा असतो. किनाऱ्यालगतच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका एका वयस्क बाईंचे बीपी मोजत होत्या. पट्टा सोडता सोडता त्या म्हणाल्या, "काकी, खारो बांगडो रोज खातलंस तर गोळी काय करतली?" काकी हसल्या. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजी महाग, तेव्हा सुके आणि खारवलेले मासेच घराला आधार देतात. बीपीचे बोलणे इथे मिठापर्यंत आणि मिठाचे बोलणे मासेमारीच्या हंगामापर्यंत जाते.

या रक्तदाबाच्या कामातच सिंधुदुर्गाचे नाव देशपातळीवरच्या एका संशोधनाशी जोडलेले आहे, हे जिल्ह्यातल्याही फार थोड्यांना माहीत असते. २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज' ही संस्था यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेतला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. औषधांचा एक साधा ठरलेला क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, आणि नोंदीसाठी 'सिम्पल' नावाचे मोबाइल ॲप. रुग्णाच्या हातात क्यूआर कोडचे कार्ड. ते फोनसमोर धरले की मागचे सगळे बीपी दिसणार, नवा आकडा काही सेकंदांत भरून होणार. रेंज नसली तरी ॲप चालते, रेंज आली की माहिती वर जाते. कोण ठरल्या दिवशी आला नाही त्याची यादी ते काढून देते, म्हणजे परिचारिका त्याला फोन करू शकते. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मला या ॲपमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा आटोपशीरपणा. बनवणारे लोक दवाखान्यात बसले, परिचारिकेला एका रुग्णासाठी किती वेळ मिळतो ते पाहिले, आणि लागेल तेवढेच ठेवले. आरोग्यसेविकेच्या टेबलावर रजिस्टरांची चळत असते, फोनमध्ये वेगवेगळ्या योजनांची वेगवेगळी ॲपे असतात. नवे काही आणणाऱ्याने तिच्या कामातून आधी काय कमी होईल ते सांगावे.

मालवणहून कट्ट्यावरून कसालला आलो की मुंबई-गोवा महामार्ग लागतो, आणि थोडे दक्षिणेला ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी. जिल्ह्याचे मुख्यालय इथे, जिल्हा रुग्णालय इथे. दूरवैद्यकाची या जिल्ह्याला जुनी ओळख आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य सरकारने इस्रोच्या मदतीने टेलिमेडिसिन सुरू केले, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाला उपग्रहाने जोडलेल्या पहिल्या पाच जिल्हा रुग्णालयांत नंदुरबार, बीड, लातूर, सातारा यांच्या जोडीला सिंधुदुर्ग होते. आज उपग्रहाची थाळी लागत नाही. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली 'ई-संजीवनी' २०१९ पासून डॉक्टरला डॉक्टरशी आणि एप्रिल २०२० पासून रुग्णाला थेट डॉक्टरशी जोडते. उपकेंद्रातल्या फोनवरून तज्ज्ञाचा सल्ला मिळतो. २०२१ पासून ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे.

पण बोलून आणि बघून होणारे उपचार वेगळे, आणि हात लावून करायचे उपचार वेगळे. लुळा हात कॅमेऱ्यासमोर धरून तो हलत नाही. याविषयी भारतात झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रत्येक उत्साही माणसाने वाचायला हवेत. 'अटेंड' या चाचणीत भारतातल्या १४ रुग्णालयांतले अर्धांगाचे १,२५० रुग्ण होते, लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सिडनीचे रिचर्ड लिंडली हे तिचे प्रमुख. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करावे, अशी कल्पना. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण शिकवलेल्या गटात ४७ टक्के, न शिकवलेल्या गटातही ४७ टक्के. दुसरी 'स्प्रिंट इंडिया'. ३१ केंद्रे, ४,२९८ रुग्ण, १२ भाषांत मोबाइल संदेश आणि चित्रफिती, दुसरा झटका टाळावा म्हणून. वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

हे अपयश छापून सांगणाऱ्या संशोधकांचे माझ्या मनात फार मोल आहे. त्यांच्यामुळेच आपल्याला कळते की देवबागेतल्या त्या आजींच्या हाती माहितीपत्रक किंवा फोनवरचा संदेश देऊन मोकळे होता येणार नाही. आधीच वाकलेल्या खांद्यावर आणखी एक काम टाकले जाते, एवढेच होते. तिथे शिकलेला माणूस जायला हवा, नाहीतर त्या माणसाचे काम काही अंशी करणारे यंत्र.

असे यंत्र आता भारतात आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रासचे आयआयटी यांनी मिळून 'प्लूटो' नावाचा छोटा रोबोट घडवला. टेबलावर मावतो. एकच मोटर, आणि तिच्यावर बसवायच्या वेगवेगळ्या मुठी: एक मनगटासाठी, एक बोटे उघडण्या-मिटण्यासाठी, एक किल्ली फिरवल्यासारखी हालचाल करण्यासाठी. समोरच्या पडद्यावर खेळ चालू असतो. रुग्णाने हात हलवायचा प्रयत्न केला की यंत्र जेवढे कमी पडेल तेवढेच बळ देते, आणि किती वेळा, किती अंशांनी हालचाल झाली ते लिहून ठेवते. अर्धांगानंतर मेंदूला नवी वाट पाडायला शेकडो आवर्तने लागतात. तेवढी करून घ्यायला कुठल्याही थेरपिस्टकडे वेळ नसतो. एका थेरपिस्टने दूरवरून पाच घरांतल्या नोंदी पाहायच्या आणि प्रत्यक्ष जाऊन फेरफार करायचे, हे अशा यंत्रामुळे शक्य होते.

हे मनात घोळत असताना कुडाळ मागे पडले. पुढे झारापला भगीरथ प्रतिष्ठान लागते. डॉ. प्रसाद देवधरांनी तिथे बायोगॅसचे काम गावोगाव रुजवले आहे. तंत्र स्वयंपाकघरात बसले पाहिजे, घरच्या बाईला ते दुरुस्त करून घेता आले पाहिजे, हा त्या कामाचा धडा आरोग्याच्या यंत्रांनाही तसाच लागू पडतो.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, भाज्या, भोवरे, बाहुल्या मांडलेल्या असतात. लाखेचे रंग, हाताला गुळगुळीत लागणारी गोलाई. मी दुकानात उभा राहून एकेक वस्तू मुठीत धरून बघत होतो आणि मला सारखे प्लूटोच्या त्या बदलत्या मुठी आठवत होत्या. मूठ धरण्याच्या व्यायामाला लागणारे दंडगोल, शंकू, खुंट्या, वेगवेगळ्या जाडीचे दांडे हे सगळे या आळीत हातोहात कातून मिळेल. म्हाताऱ्या माणसाला पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा हातात देण्यापेक्षा रंगीत लाकडी आंबा किंवा काजू द्यावा, तो जास्त वेळ धरून ठेवील. ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयातली फिजिओथेरपीची गरज आणि चितारआळीतले लेथ यांच्यात तीसेक किलोमीटरचे अंतर आहे. ते जोडून द्यायला फार मोठा निधी लागणार नाही.

भाषेचेही असेच. बोलून चालणारी यंत्रे आता मराठी ऐकतात. 'भाषिणी' हा केंद्र सरकारचा प्रकल्प जुलै २०२२ मध्ये सुरू झाला, आयआयटी मद्रासमधला 'एआयफॉरभारत' गट भारतीय भाषांसाठी काम करतो. पण देवबागेतले आजोबा झटक्यानंतर अडखळत बोलतात, आणि बोलतात ते मालवणी. 'माका उठाक व्हया' हे यंत्राला कळले नाही, तर त्याच्या बाकी सगळ्या हुशारीचा त्या घरात उपयोग शून्य. म्हाताऱ्या, बोबड्या, थकलेल्या मालवणी आवाजांचा संग्रह करायला मुंबईची प्रयोगशाळा पुरणार नाही. तो इथल्या पडवीत बसूनच करावा लागेल.

बांद्यानंतर पत्रादेवी, आणि गोवा सुरू होतो. हा रस्ता सिंधुदुर्गातल्या घराघराला पाठ आहे, कारण जीवावर बेतले की रुग्णवाहिका याच रस्त्याने बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला धावते. पर्वरीत 'संगत' ही संस्था लागते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिची स्थापना केली आणि लंडन, हार्वर्डच्या संशोधकांच्या बरोबरीने काम करून मानसिक आरोग्यात गोव्याचे नाव जगभर नेले. मला इथे सांगायचे आहे ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासाविषयी. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी-बार्देशातल्या ८१ कुटुंबांत तो केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरसल्लागार केले. त्यांनी घरी जायचे, सांभाळणाऱ्याचे ऐकायचे, आजार समजावून सांगायचा, कोणती सरकारी मदत मिळते ते सांगायचे, गरज पडल्यास डॉक्टर गाठून द्यायचा. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्या माणसांचे मानसिक आरोग्य सुधारले. 'अटेंड'मध्ये घरच्या माणसाला शिकवले होते, इथे घरच्या माणसाला आधार दिला होता. मला तरी या दोन निकालांतला फरक तिथे दिसतो.

गोव्याने २०१८ च्या अखेरीस हृदयविकारासाठी 'स्टेमी' प्रकल्प उभारला. छोट्या सरकारी रुग्णालयांत काढलेला ईसीजी लगेच दूरवर वाचला जातो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देतात आणि मग रुग्णाला बांबोळीला हलवतात. सीमेच्या अलीकडच्या माणसांनाही असे काही हवे आहे.

बांबोळी मागे टाकून फोंड्याकडे वळलो. फोंडा तालुक्यातले बेथोडा हे गाव माझ्या या प्रवासाचे खरे निमित्त. रोजंदारीवर काम करणाऱ्या बिपिन कदम यांनी इथे आपल्या मुलीसाठी जेवण भरवणारे यंत्र बनवले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात ती बातमी देशभर गेली. मुलीला हाताने जेवता येत नव्हते. आई भरवायची, पण ती स्वतः अंथरुणाला खिळली. मुलीला भरवता येत नाही म्हणून ती रडायची. वडिलांना कामावरून घरी येऊन मुलीला जेवू घालावे लागे. असे यंत्र कुठे मिळते का म्हणून त्यांनी शोध घेतला, मिळाले नाही. मग दिवसाचे बारा तास काम करून उरलेल्या वेळात इंटरनेटवरून सॉफ्टवेअर शिकले आणि चार महिने खपून यंत्र उभे केले. त्यांनी त्याचे नाव 'मा रोबोट' ठेवले. ताटलीत जेवण वाढलेले असते. काय हवे ते मुलगी बोलून सांगते, आणि यंत्राचा चमचा ते तिच्या तोंडापाशी आणतो. गोवा राज्य नवोन्मेष परिषदेने दखल घेऊन पुढच्या कामाला मदत दिली.

मी गावात हिंडलो, पण त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. त्या घरी कॅमेरे पुष्कळ येऊन गेले आहेत, आणि मुलीचे जेवण हा बघायचा खेळ नव्हे. यंत्राविषयी जे जाहीर आहे तेवढेच समजून घेण्यासारखे भरपूर आहे.

जेवण भरवणाऱ्या यंत्रांचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये 'हँडी १' बनवला, तोही सेरेब्रल पाल्सी असलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला स्वतः जेवता यावे म्हणून. जपानच्या सेकॉम कंपनीने २००२ पासून 'माय स्पून' विकायला काढले. चार कप्प्यांच्या ताटातले घास ते काटा-चमच्याने उचलते, मात्र अन्न घासाएवढे कापून ठेवावे लागते. अमेरिकेतला 'ओबी' त्यानंतरचा. हे सगळे सुबक आणि सगळे महाग. शिवाय ते ज्या ताटासाठी बनले ते ताट आपले नव्हे. आमटीभात घ्या. तो चमच्यात बसतो खरा, पण कधी पातळ, कधी घट्ट, कधी गोळा होऊन. माशाच्या कढीचा भात तर चमचा तिरपा झाला की ओघळलाच. भरवणारी आई घास किती ओला, किती गरम, मुलीने आधीचा गिळला की नाही, हे न बोलता बघते. घाईने दिलेला घास श्वासनळीत जाऊ शकतो. कदम यांच्यापुढे हे ताट रोज होते. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी दोन वर्षे घालवून जे प्रश्न शोधून काढील ते त्यांच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी समोर येत होते. म्हणून त्यांचे यंत्र मला मोठ्या संस्थांच्या यंत्रांइतकेच गंभीर संशोधन वाटते.

पण एकट्याच्या जिद्दीवर ही गोष्ट सोडून देणे हा त्या बापावर आणि त्याच्यासारख्या इतरांवर अन्याय आहे. यंत्र हजार घरांत सुरक्षित चालायला तपासण्या लागतात, घास अडकल्यास थांबण्याची व्यवस्था लागते, सुटे भाग लागतात, गावात दुरुस्त करणारा लागतो, किंमत परवडावी लागते. त्यासाठी संस्था हव्यात, आणि त्या आपल्याकडे आहेत. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळाने सुरू झाले; पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात सहभागी झाले. तिथे डॉक्टरने अडचण सांगायची आणि अभियंत्याने ती सोडवायची अशी रीत आहे. त्याच पवईत २०२१ पासून डिजिटल आरोग्याचे कोइटा केंद्र आहे. दिल्ली आयआयटीची 'स्मार्टकेन' ही अंधांची काठी अल्ट्रासाउंड लहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते. ती घडत असताना 'सक्षम' या संस्थेमार्फत अंध माणसांनीच ती वापरून पाहिली आणि चुका दाखवल्या. २०१४ मध्ये ती लोकांच्या हाती आली. संशोधनातली भागीदारी अशी असावी: वापरणारा पहिल्या दिवसापासून टेबलाशी बसलेला.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची यांसारखे किमान एक तरी साधन लागते, आणि जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. त्यांतले बरेच जण मोठ्या शहरांपासून दूर, सिंधुदुर्गासारख्याच ठिकाणी राहतात. मग यंत्रांची कसोटीही इथेच का होऊ नये? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लोखंड खाणारी खारी हवा, वादळात दोन-दोन दिवस जाणारी वीज, वाळू, घाटी, उंबरे, मालवणी बोली. इथे एक पावसाळा टिकलेले यंत्र देशात कुठेही टिकेल. ओरोसचे महाविद्यालय, गावोगावच्या आशाताई, चितारआळीचे कारागीर, गोव्यातले घरसल्लागारीचे ज्ञान आणि पवईचे अभियंते एवढी माणसे एका कामाला जोडली तर मालवण तालुक्यातली पन्नास घरे घेऊन सुरुवात करता येईल. अट एवढीच असावी की प्रयोग संपल्यावर यंत्र उचलून नेले जाणार नाही, घरच्यांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय कुठे जाणार नाही, आणि निकाल वाईट आला तरी छापला जाईल.

तोवर आपल्या हातात असलेले करू या. या गणपतीला गावी जाल तेव्हा आईवडिलांचे बीपी मोजून घ्या आणि गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत ते पाहा. अपंगत्वाचे ओळखपत्र काढलेले नसेल तर त्याचा अर्ज भरा. साधनांसाठीच्या बऱ्याच सरकारी योजना त्याच्याशिवाय मिळत नाहीत. आणि टेप घेऊन घराच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची आणि पडवीच्या प्रत्येक पायरीची उंची, न्हाणीघरापर्यंतचे अंतर एका कागदावर लिहून ठेवा. उद्या कुणी अभियंता तुमच्या दारी आला तर त्याला पहिल्यांदा हेच आकडे लागतील, आणि कुणी आला नाही तर गावच्या सुताराला कठडा बसवायला तेच पुरतील.